ऐकणाऱ्याची साक्ष

व्हिएतनाम युद्धात लढलेल्या अमेरिकन पायदळाच्या आठवणींत एक वस्तू पुन्हा पुन्हा भेटते. ती म्हणजे पीआरसी-25 हा पाठीवरचा रेडिओ; सैनिकांच्या तोंडी 'प्रिक-25'. बॅटरीसकट वजन साधारण साडेदहा किलो, त्यावर जादा बॅटरी, काडतुसं, पाणी. हँडसेट भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला आणि ऑपरेटर कायम कमांडरच्या हाताशी. त्याची उंच अँटेना शत्रूला एकाच वेळी दोन गोष्टी सांगायची: रेडिओ इथे आहे आणि हुकूम देणाराही इथेच आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने वर्षभर वाहिलेला हा सेट मायदेशी परतताना जमा व्हायचा. त्यातून ऐकलेले आवाज मात्र म्हातारपणापर्यंत सोबत राहिले. युद्धाचा इतिहास लिहिताना या ऐकलेल्या गोष्टींना पाहिलेल्याइतकंच मोल द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा, की ऑपरेटर हा नुसता निरोप्या, निर्णय अधिकाऱ्याचा. पण तोफखान्याची मदत कशी मागितली जाई ते पाहा. नकाशावरच्या सहा आकडी संदर्भातला शेवटचा आकडा एकाने चुकला तर लक्ष्य 100 मीटर सरकतं. त्याच्या आधीचा चुकला तर एक किलोमीटर. जंगलात शत्रू पुष्कळदा 100 मीटरच्याही आत असायचा. शेजारी जखमी विव्हळत असताना तो आकडा स्पष्ट उच्चारणं आणि पलीकडून परत वाचला गेला की पडताळून घेणं, हे पोपटपंचीचं काम नव्हे. जखमींना न्यायला हेलिकॉप्टर आलं की खालून रंगीत धूर सोडत, पण रंग आधी सांगत नसत. तो वैमानिकाने ओळखायचा आणि ऑपरेटरने होकार द्यायचा. कारण शत्रूही ऐकत असे आणि तोच रंग दुसरीकडे सोडून हेलिकॉप्टरला सापळ्यात ओढू शके. काय बोलायचं आणि काय नाही, हे जाणणाऱ्याला निरोप्या म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आठवण दगा देते. मुख्यालयाच्या नोंदवह्यांत मात्र प्रत्येक संदेश वेळेसकट लिहिलेला असतो. तारखा आणि ठिकाणं यांबाबत नोंदवहीवरच विसंबावं, हे मला मान्य आहे. पण रात्री तळाबाहेर कानोसा घेत बसलेल्या तुकडीला बोलण्याची सोय नसे. सारं ठीक असेल तर हँडसेटची कळ दोनदा दाबायची. ऐकणाऱ्याच्या कानातली खरखर दोनदा तुटायची. वहीत उतरतं ते 'परिस्थिती जैसे थे' एवढंच. पहिल्या खटक्यानंतर दुसरा यायला किती वेळ लागला आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या मनात काय येऊन गेलं, हे वही सांगू शकत नाही. म्हणून दोन्ही पुरावे शेजारी ठेवून वाचायला हवेत.

अमेरिकेत 2000 साली सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या इतिहास प्रकल्पात अशा साक्षी जपल्या जात आहेत. 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेतले त्या वेळचे तरुण ऑपरेटरही आता साठीला आले आहेत. काय पाहिलं, हे त्यांना कुणीही विचारील. काय ऐकलं, हेही विचारायला हवं, आणि ते आत्ताच.