वैतरणा नावाची आगबोट

आमच्या पाड्यावरून वैतरणा दिसत नाही. ती खाली दरीत आहे. पण आषाढ-श्रावणात रात्री अंथरुणावर पडले की तिचा आवाज येतो. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेकडे गेली आणि ही पश्चिमेकडे वळली. मोखाड्याच्या कडेकपारींतून वाट काढीत ती वाड्याकडे उतरते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. लहानपणी पाड्यावरची एक म्हातारी सांगत असे, की मेल्यावर प्रत्येकाला वैतरणी ओलांडावी लागते. ती नदी हीच, असे मला कित्येक वर्षे वाटत होते. जगातली सगळी माणसे शेवटी आमच्याच दरीत येतात, याचा मनातून थोडा अभिमानही होता!

गेल्या वर्षी सरांनी वर्गात टिपणांचे विषय वाटून दिले. माझ्या वाट्याला आला ‘पश्चिम किनाऱ्यावरील प्रवासी आगबोटी’. वर्गात हशा पिकला. मलाही हसू आले. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या पोराने आगबोटींवर काय लिहावे? समुद्र मी एकदाच पाहिला होता, केळव्याच्या सहलीत. तरी विषय मिळाला म्हणून ग्रंथालयात बसलो, आणि वाचता वाचता एका नावापाशी थांबलो. बोटीचे नाव होते ‘वैतरणा’.

ही बोट १८८५ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे बांधली गेली. मालक शेफर्ड कंपनी. कच्छमधील मांडवी आणि मुंबई यांच्या दरम्यान ती उतारूंची ने-आण करी. आगबोटी येण्याआधी या किनाऱ्यावरचा प्रवास शिडाच्या गलबतांतून, म्हणजे वाऱ्याच्या मर्जीवर होता. वारा पडला की गलबत अडकले. वाफेच्या यंत्राने माणसाला प्रथमच सांगता येऊ लागले, की अमुक दिवशी निघेन आणि अमुक दिवशी पोहोचेन. ‘वैतरणा’वर विजेचे दिवे होते. रात्री ती झगमगत जाई, म्हणून लोकांनी तिचे नाव ठेवले ‘वीजळी’.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी दुपारी ती मांडवीहून निघाली. दिवाळी नुकतीच झाली होती, लाभपंचमीचा दिवस होता. बोटीत लग्नाची वऱ्हाडे होती. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा द्यायला निघालेले विद्यार्थीही होते. द्वारकेला आणखी उतारू चढले. वादळामुळे पोरबंदरला ती लागू शकली नाही, तशीच पुढे गेली. मांगरोळच्या आसपास ती दिसल्याचे सांगतात. त्यानंतर ती कोणालाच दिसली नाही. पुढे मुंबई सरकारने चौकशी नेमली, तेव्हा उघड झाले की बोटीवर जीवरक्षक होड्या आणि पट्टे पुरेसे नव्हतेच. विजेचे दिवे मात्र होते!

किती माणसे गेली? कोणी ७४६ म्हणतात. गुजराती लोकगीतात हा आकडा १३०० आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये साडेपाचशे माणसे उभी आहेत. ती होती की नव्हती, हेही कोणाला ठामपणे सांगता येत नाही. बोटीशी जोडलेले हाजी कासम हे नाव गाण्यातून घरोघर पोहोचले. परीक्षेला निघालेल्या त्या मुलांपैकी एकाचेही नाव मला सापडले नाही.

त्या मुलांनी मला अस्वस्थ केले. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. परीक्षेला निघताना आई जे काही फडक्यात बांधून देते, ते त्यांच्याही आयांनी दिले असेल. त्यांनी बोटीवरच्या होड्या मोजल्या असतील का? आणि मोजून काय केले असते? परीक्षेची तारीख कोणासाठी थांबत नाही.

पुढे वाचत गेलो तसे कोकणची बाजू समोर आली. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, म्हणजे पुन्हा दिवाळीनंतरच्याच दिवसांत, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. पावसाळ्यात कोकणच्या लांबच्या फेऱ्या बंद असत, पण रेवसची जवळची फेरी चालू असे. अवसेच्या तोंडावर गावी निघालेली माणसे, त्यांत कामगार, भाजीवाले, कोळी. लाट आली, एका बाजूला पाणी चढले, घाबरलेले उतारू एकदम दुसऱ्या बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक लोक गेले. आज त्याच धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट माणसे नेणारी मोठी रो-रो बोट जाते. ती २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली. मुंबई-गोवा आगबोट मात्र गेल्या शतकाअखेरीस रस्त्यापुढे मागे पडली.

हे सगळे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सारखा एक ट्रक येत होता.

आमच्याकडे दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात. भात कापून झालेले असते आणि पुढे काम नसते. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. मग एका संध्याकाळी ट्रक येतो आणि भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर माणसे घेऊन जातो. भांडी, गोधड्या, तांदळाची गोणी, कोंबड्या आणि या सगळ्यांवर माणसे. मी सात वर्षांचा असताना त्या ढिगावर बसून घाट उतरलो आहे. वळणावर ट्रक कलला की सगळे किंचाळत दुसऱ्या अंगाला सरकत. बाबा एका हाताने दोर आणि एका हाताने मला धरून होते. ‘रामदास’वरचे लोक एका बाजूला का धावले, हे मला पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही.

आमचा ट्रक उलटला नाही. म्हणून त्यात किती माणसे होती, ते कोणी मोजले नाही.

पुढच्या वर्षी बाबांनी मला आश्रमशाळेत ठेवले आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकट्या बहिणीला भट्टीवर नेले. तान्ह्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवे होते. जूनमध्ये ती परत शाळेत गेली, दिवाळीनंतर पुन्हा ट्रकमध्ये चढली. असे तीनदा झाले. मग हजेरीपटावर तिचे नाव राहिले नाही. आम्हा दोघांपैकी एकाला जागा होती आणि ती मला मिळाली, हे मी कॉलेजच्या वाचनालयात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बुडालेल्या बोटीची माहिती उतरवून घेताना प्रथम स्वतःशी कबूल केले.

बाबांना मी ‘वीजळी’ची हकीगत सांगितली. बोट भरली होती, वादळ होते, तरी लोक चढले, असे म्हणालो. ते विडी विझवीत म्हणाले, “गाडी भरली म्हणून मागं राहिलो, तर खायाचं काय?” यावर मला काही बोलता आले नाही. मी शहाणपणाने लिहिलेले एक आख्खे पान त्या एका वाक्याने खोडून टाकले. ज्याला दुसरी गाडी नाही, त्याला धोका दिसत नाही असे नाही. तो धोका पाहूनच चढतो. होड्या मोजण्याचे काम त्याचे नव्हे, ते गाडी सोडणाऱ्याचे आहे.

वैतरणेवर आज तीन मोठी धरणे आहेत. त्यांपैकी मध्य वैतरणा आमच्याच मोखाडा तालुक्यात, २०१४ साली पुरे झाले. तिथले पाणी मुंबईला जाते आणि चैत्र-वैशाखात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. नदीच्या पाठोपाठ माणसेही त्याच दिशेने उतरतात. पाण्याचा हिशेब लिटरमध्ये ठेवला जातो.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. ट्रक आला. माणसे चढू लागली तसा मी वहीचे शेवटचे पान काढून नावे लिहायला लागलो. नाव, वडिलांचे नाव, वय. मुकादमाने विचारले, “हे कशाला रे?” मी म्हटले, “असूंदे.” तो हसला. अंधार पडत होता. एकूण ४३ नावे झाली, त्यांत १४ मुले. सर्वांत शेवटी बहीण चढली. तिने वाकून वहीत पाहिले आणि स्वतःचे नाव बोटाने शोधले. ते अजून लिहायचे होते. तिने माझ्या हातातले पेन घेतले आणि ते स्वतः लिहिले.