पॉलिश

‘पॉलिश’ या शब्दाबद्दल आपलं मत फारसं चांगलं नाही. तांदूळ पॉलिशचा निघाला की आई नाक मुरडते. इंटरव्ह्यूत कुणी फाडफाड इंग्रजी बोललं की “नुसतं पॉलिश आहे रे” म्हणून आपण मोकळे होतो. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलला नवंकोरं कव्हर चढतं, तेही पॉलिशच! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर सोमवारी बुटांचं इन्स्पेक्शन असायचं. मोजा आतून फाटलेला असला तरी चालायचा, बूट मात्र चमकले पाहिजेत. त्यामुळे पॉलिश म्हणजे वरवरची गोष्ट, ही व्याख्या बहुतेक सगळ्यांच्या डोक्यात पक्की असते.

पण मी ज्या पॉलिशबद्दल लिहितेय ते बुटाचं नाही, होडीचं आहे. चोवीस फुटी, फायबरच्या होडीचं.

आमचं घर देवबागला, मालवणच्या खाली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये आम्ही. बाबा पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात. सीझन दिवाळीत सुरू होतो आणि मे संपताना बंद होतो. त्यातला मे महिना म्हणजे आमची एंड-सेम! म्हणून शिमगा झाला की होडी वाळूत वर ओढायची, खाली टायर सारायचे आणि तिला घासूनपुसून मेसाठी तयार करायची, हा आमच्याकडचा वसंत ऋतू. कविता वगैरे कुणी करत नाही, सगळ्यांचे खांदे दुखत असतात.

मार्च 2025 च्या शिमग्याला मी घरी गेले, तेव्हा कारण वेगळं होतं. होडी विकायची होती. दोन हप्ते थकले होते, त्यात माझी फी. वेंगुर्ल्याकडचं एक गिऱ्हाईक पाच दिवसांनी बघायला येणार होतं.

आता थोडं टेक्निकल (मेकॅनिकलवाल्यांनी झोपू नये). फायबरच्या होडीची चमक ही रंगाची नसते. सर्वांत बाहेर रेझिनचा एक थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. ऊन आणि खारं पाणी त्याला हळूहळू खातात. मग होडीवर हात फिरवला की हाताला खडूसारखी पांढरी पूड लागते. पृष्ठभाग खडबडीत झाला की प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि होडी निस्तेज दिसते. तो मेलेला थर घासून काढायचा, म्हणजे पॉलिश. आणि खालच्या ताज्या थराला ऊन-मीठ लगेच लागू नये म्हणून वर पातळ कवच चढवायचं, म्हणजे वॅक्स. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचा क्रम बदलत नाही. मेलेल्या थरावर वॅक्स लावलं तर दोन दिवस बरं दिसेल, बस्स.

पहिला दिवस नुसता धुण्यात गेला. गोडं पाणी, साबण, मऊ ब्रश. मी घाईने कापड घेतलं तर बाबा म्हणाले, “गो, आधी धुवून घे. मीठ रवला तर ताच होडीक ओरखडतला.” मग हजार नंबरचा वॉटर पेपर, तोही ओला करून आणि हलक्या हाताने, कारण अर्धा मिलिमीटर संपला की संपला! त्यानंतर रबिंग कंपाउंड. एका वेळी दोन बाय दोन फुटांचा चौकोन घ्यायचा आणि तो पूर्ण झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटी वॅक्स, तेही ऊन उतरल्यावर. तापलेल्या पृष्ठभागावर ते पटकन सुकतं आणि पुसताना डाग राहतात. मी बोटाने भरपूर घेतलं, तर लगेच, “पातळ लाव. जाड लावलंस म्हणून जास्त दिवस टिकणा नाय.” लावायचं, धुरकट होईपर्यंत थांबायचं आणि आईच्या जुन्या सुती साडीने पुसायचं. पाण्याच्या रेषेखाली वॅक्स नाही. तिथे शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून वेगळा रंग असतो, तो वॅक्सवर चिकटत नाही.

डब्यावर ‘कार्नुबा’ लिहिलं होतं. ब्राझीलमधल्या एका पाम झाडाच्या पानावरचं हे मेण. बुटाच्या पॉलिशमध्येही ते वापरतात. म्हणजे सिस्टरांचं इन्स्पेक्शन देवबागपर्यंत पोचलंच!

तिसऱ्या दिवशी उजवी बाजू पूर्ण झाली. समोरच्या माडांचं प्रतिबिंब त्यात दिसायला लागलं. पाणी शिंपडलं की गोल थेंब होऊन घरंगळत होतं. मग आम्ही डाव्या बाजूला आलो आणि थांबलो.

डाव्या बाजूला नाळेजवळ ठिगळ आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात होडी माडावर आपटली आणि हातभर भोक पडलं. बाबांनी ग्लास मॅट आणि रेझिनने स्वतः भरलं. काम पक्कं आहे, चार वर्षं थेंब आत आला नाही. पण शेड थोडी वेगळी आणि पातळी किंचित वरखाली. निस्तेज होडीत ते कुणाला दिसत नव्हतं. पॉलिश केलं असतं तर लांबून दिसलं असतं. कारण चकाकी काही लपवत नाही. गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यातली सरळ रेष जरा वाकली तरी डोळ्याला कळतं. गाडीचा पोचा शोधतानासुद्धा पत्र्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंबच बघतात.

काका म्हणाले, “हय मळकाच रवांदे. गिऱ्हाईकाक कळाचा नाय.”

मी गप्प बसले. डोक्यात तिसऱ्या वर्षाच्या फीचा आकडा होता, आणि खरं सांगते, काकांचं म्हणणं मला अगदीच वाईट वाटलं नाही.

बाबांनी कंपाउंडचा डबा उघडला. म्हणाले, “दर्यात गेल्यावर कळतला. तेव्हा होडीत माणसा असतली.” आणि घासायला सुरुवात केली. ठिगळ दुपारपर्यंत लख्ख उजळलं. एखाद्याच्या कपाळावरची जुनी खोक असते ना, तसं दिसत होतं.

गिऱ्हाईक आलं. बाबांनी त्याला आधी डाव्या बाजूलाच नेलं, ठिगळावर बोट ठेवून दाखवलं, आतून फळी काढून जोडही दाखवला. त्याने बराच वेळ ठोकून पाहिलं. ठरल्यापेक्षा वीस हजार कमी दिले. काका दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. वीस हजार म्हणजे हॉस्टेलवर किती महिन्यांची मेस, हा हिशोब तुम्हीच करा. मी केला होता.

होडी पाण्यात ढकलताना बाबा त्या माणसाला समजावत होते : दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धू, वॅक्स चार महिन्यांनी परत लाव, पाण्याच्या रेषेखाली लावू नको. उरलेला अर्धा डबाही त्यालाच देऊन टाकला!

आता बाबा तारकर्लीला दुसऱ्याच्या होडीवर आहेत. पगारी. गेल्या आठवड्यात फोन आला, “येताना पुण्यासून वॅक्सचो डबो हाड, हयसर चांगलो मिळणा नाय.” मी विचारलं, होडी मालकाची, मग डबा आपल्या पैशाने का?

“होडी कोणाची का असाना,” बाबा म्हणाले, “खारा पाणी सगळ्यांका एकच.”

डबा घेतलाय. बॅगेत सगळ्यात खाली ठेवलाय, जर्नलच्या शेजारी.