बरणीतलं तळं

डिचोली तालुक्यातल्या शाळेत शिकवत असताना मी चौथीच्या वर्गाच्या खिडकीत लोणच्याची मोठी काचेची बरणी ठेवली होती. मुलांनी मयेच्या तळ्यातून पाणी, चिखल, पाणवनस्पती, दोन गोगलगायी आणि चार बारके मासे आणले. उन्हात पानांवर प्राणवायूचे बुडबुडे दिसले की सगळा वर्ग खिडकीशी!

सुट्टीनंतर आलो, तर पाणी दुधाळ झालेलं, मासे उलटे तरंगत होते. एक मुलगी रडत म्हणाली, "बाई, सुट्टीत उपाशी राहतील म्हणून मी माझा आख्खा पाव घातला." माध्यान्ह आहारातला, स्वतः न खाल्लेला.

चूक माझीच. पाव कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, रात्री वनस्पतीही तो घेतात, हे मी आधी सांगितलंच नव्हतं.

दुसरी बरणी माशांविना भरली. इंग्लंडमधल्या डेव्हिड लॅटिमर यांनी १९६० साली मोठ्या बाटलीत लावलेली बाग १९७२ नंतर पाणी न घालताही तगली, हेही सांगितलं. नोंदवही मुद्दाम त्याच मुलीकडे दिली.

काही दिवसांनी काचेवर गोगलगायीची अंडी दिसली. वहीत तिनं लिहिलं होतं : 'अंडी आली. आज काहीच घातलं नाही.'