पोवळ्यांच्या बेटावर

मैत्रिणींनो, आपल्या जुन्नर-आंबेगावकडच्या बायकांचा समुद्राशी संबंध तो कितीसा? नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहून खाली कोकण बघायचं आणि घरी परतायचं. आपल्याला ठाऊक ते विहिरीचं पाणी, नाहीतर धरणाचं. लहानपणी भावांना पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं, ते पोहायला शिकले. आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसलो. त्यातून आईचं माहेर जुन्या आंबेगावचं. ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तेव्हा पाणी म्हटलं की आमच्या घरात जरा धाकच.

म्हणून अंदमानला ह्यांनी पाण्याखालचे मासे बघायचा बेत काढला, तेव्हा मी सरळ ‘नाही’ म्हटलं. पोर्ट ब्लेअरला (२०२४ मध्ये त्याचं नाव श्री विजयपुरम झालं) सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहिली आणि बोटीने हॅवलॉक बेटावर गेलो. त्याला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात.

तिथल्या एलिफंट बीचवर बोटीनेही जाता येतं. आम्ही रानवाटेने गेलो. भीमाशंकरचं रान आठवलं, पण इथली झाडं मान दुखेपर्यंत उंच. शेवटी चिखल, खारफुटी, आणि एकदम समोर हिरवानिळा समुद्र! किनाऱ्यावर मोठमोठे ओंडके आडवे पडलेले. २००४ च्या त्सुनामीतले, असं वाटाड्या म्हणाला.

दहा वर्षांची लेक तयार झाली आणि मला म्हणाली, “आई, तू माझे कपडे सांभाळ हं.”

मी कपडे ह्यांच्या हातात दिले.

एक सांगते, पोहता आलंच पाहिजे असं नाही. हवेची रिंग धरायची, वाटाड्या ओढत नेतो. ओढणी मात्र नको, अडकते. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट बरा. चष्म्याच्या कडेत केस राहिला तर पाणी शिरतं. नाक बंद, नळी दातांत धरून तोंडाने श्वास घ्यायचा. पहिल्यांदा मी घाबरून दोनदा डोकं वर काढलं. तिसऱ्यांदा खाली पाहिलं आणि वर यायचं विसरले.

आपण पोवळं ओळखतो ते अंगठीतलं, नाहीतर मंगळसूत्रातलं. इथे त्याची भावंडं जिवंत! कुणी हरणाच्या शिंगासारखी, कुणी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, आणि मधून निळे-पिवळे मासे. दगड वाटतात, पण ती असंख्य इवल्या जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्यांना रंग आणि अन्न देतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि पोवळी पांढरी पडतात. २०१० मध्ये अंदमानात तसं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. काही पांढरे सांगाडे मीही पाहिले. म्हणून त्यांच्यावर पाय ठेवू नका, आणि तुकडा आठवण म्हणून पिशवीत तर मुळीच घालू नका. कायद्याने गुन्हाच आहे तो.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं. फोटो दाखवले. तिने बराच वेळ मोबाइल हातात धरला.

“पाण्याखालचं इतकं स्वच्छ दिसतं का गं?”

“तिथलं पाणी नितळ आहे, आई,” मी म्हटलं. “आपल्या धरणाचं गढूळ.”