मावळतीच्या आधी

हॅम्बुर्गच्या रेल्वेस्थानकावर सकाळी साडेआठला गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या अण्णांच्या खिशात एक चिठ्ठी होती. तीवर ब्रेमेन, कोलोन, ब्रसेल्स आणि अँटवर्प अशी चार नावे ओळीने लिहिलेली होती आणि सर्वांत खाली एक वेळ होती : ६.५०. ती कोणत्याही गाडीची वेळ नव्हती. ऑक्टोबरच्या मध्यातील त्या शुक्रवारी अँटवर्प शहरात सूर्य मावळण्याची ती वेळ होती.

अण्णांचे वय एकाहत्तर. सांगलीच्या पेठेत त्यांच्या घराण्याचा हळदीचा व्यापार तीन पिढ्यांचा. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली हळद साठवली जाई, तो काळ त्यांनी पाहिलेला. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि मुलाने मनाशी ठरवले की आता मुंबईच्या दलालामार्फत नव्हे, थेट युरोपात माल पाठवायचा. बोलणी मुलाची, पारख अण्णांची, अशी वाटणी करून दोघे निघाले होते. हॅम्बुर्गचे खरेदीदार फवारणीच्या अवशेषांचे, शिशाचे, कुर्क्युमिनच्या प्रमाणाचे दाखले मागत. मुलगा कागद पुढे करी. अण्णा मात्र हळकुंड मोडून त्याचा आवाज ऐकत आणि आतला रंग समोरच्याला दाखवीत.

व्यवहार जुळत आला होता, पण बापलेकांमध्ये एक गाठ बसली होती. आदल्या रात्री खरेदीदारांनी आठ वाजता जेवणास बोलावले. आईच्या निधनानंतर, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, अण्णांनी रात्रिभोजनाचा त्याग केला होता. सूर्यास्तानंतर ते पाणीही घेत नसत. ते त्या मेजाशी रिकाम्या ताटासमोर हसतमुखाने दोन तास बसून राहिले. यजमानांनी तीनदा विचारले, तब्येत बरी नाही का? तिन्ही वेळा मुलानेच समजावून सांगितले. तिसऱ्या वेळी त्याच्या स्वरात जी अजीजी आली, ती अण्णांच्या कानांनी नेमकी टिपली होती.

ब्रेमेन सोडल्यावर गाडी शेताच्या मधोमध उभी राहिली. पुढे मार्गात काही बिघाड होता. तासाभराने ती हलली, तेव्हा कोलोनची पुढची गाडी हातची जाणार हे स्पष्ट झाले. घरून आणलेल्या दशम्या चौथ्याच दिवशी संपल्या होत्या. उरले होते मूठभर फुटाणे आणि तासगावचे बेदाणे. ऱ्हाईन नदीवरचा लोखंडी पूल ओलांडून गाडी कोलोनला शिरली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि पुढची जागा पावणेचारच्या गाडीत मिळाली.

स्थानकाला लागूनच तेथील प्रसिद्ध दोन मनोऱ्यांचे महामंदिर आहे. अण्णा त्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. मुलगा दुकानादुकानांत फिरून आला. पावांत मांस, अंडे किंवा चीज होते. चीजमध्ये जनावराच्या पोटातले विरजण असेल की नाही, हे विक्रेत्याला सांगता येईना. बटाट्याचे पदार्थ मात्र मुबलक होते. शेवटी तो दोन केळी घेऊन आला.

"अण्णा, आजचा हिशेब बघा. आपण सव्वासहा-साडेसहाला अँटवर्पला पोहोचणार. पाहुण्यांचे घर शहराबाहेर, शुक्रवारची संध्याकाळ, रस्त्यावर गर्दी. तुम्ही सकाळपासून काही खाल्लेले नाही. एखादा दिवस उशीर झाला तर काय बिघडते? घरी कोणी विचारणार आहे का?"

अण्णांनी केळ्याची साल काढली. "कोणी विचारत नाही, म्हणूनच तर ते व्रत," ते म्हणाले. "आणि मी उपाशी राहिलो, तर तुला त्रास काय?"

मुलाने उत्तर दिले नाही. त्रास होता, पण तो भुकेचा नव्हता. लोकांसमोर पुन्हा पुन्हा सांगावे लागते याचा होता आणि तसे तोंडाने म्हणवत नव्हते.

आखेन गेले, लीजचे काच-पोलादाचे भव्य स्थानक गेले. ब्रसेल्सला धावत गाडी बदलावी लागली. खिडकीतून ऊन तिरपे येऊ लागले, तसे अण्णांनी घड्याळाकडे पाहणे सोडून दिले. त्यांनी मनोमन ठरवून टाकले होते : वेळेत पोहोचलो तर जेवण, नाही तर उद्या सकाळी. मुलगा मात्र दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होता.

अँटवर्पचे यजमान मूळचे पालनपूरचे. सांगलीच्या एका सराफाचे मुंबईत ज्यांच्याशी हिऱ्यांचे देणेघेणे, त्यांचे हे धाकटे बंधू. पालनपूरकडची जैन कुटुंबे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येथे हिऱ्यांच्या व्यापारासाठी आली आणि स्थिरावली; विल्राइक उपनगरात त्यांनी संगमरवरी मंदिरही उभारले. अण्णांची आणि त्यांची भेट पूर्वी कधी झालेली नव्हती. भाषा निराळी, पंथही निराळा. तरी गाडीला उशीर झाल्याचे कळताच यजमानांनी फोनवर एवढेच विचारले होते, "अण्णासाहेब चौविहार करतात का?"

गाडी सहा पंचविसाला पोहोचली. स्थानकाच्या उंच घुमटाखाली यजमान उभे होते. ते म्हणाले, "घर लांब आहे, घरी जायचे नाही. चला." हिरेबाजार स्थानकाला अगदी लागून आहे. त्या अरुंद गल्ल्यांत कॅमेरे आणि पहारा. इमारतीच्या दाराशी पारपत्रे दाखवून नोंद करण्यात पाच मिनिटे गेली. वर कार्यालयात, उत्तरेच्या खिडकीशी लावलेल्या लांब पांढऱ्या मेजावर स्टीलचा डबा उघडून ठेवलेला होता. यजमानांच्या आई स्वतः तो घेऊन आल्या होत्या.

"पहेलां जमी लो, वातो पछी," त्या म्हणाल्या.

मुगाची खिचडी, वर तुपाची धार. कच्च्या केळ्याची भाजी, गरम राहावेत म्हणून फडक्यात गुंडाळलेले फुलके, पापड आणि वाटीभर शिरा. सहा वाजून सदतीस मिनिटे झाली होती. अण्णांनी हात धुतले, क्षणभर डोळे मिटून णमोकार म्हटला आणि पहिला घास घेतला. मग थांबून खिचडीच्या रंगाकडे पाहिले. "हळद राजापुरी दिसते," ते म्हणाले. आजी हसल्या. मुलगाही दिवसभरात प्रथमच हसला आणि वडिलांच्या शेजारी जेवायला बसला.

एवढ्यात दाराशी काळ्या कोटातील, पांढऱ्या दाढीचे एक ज्यू दलाल डोकावले. हात उंचावून दोन शब्द बोलले आणि लगबगीने निघून गेले. "त्यांचा शब्बाथ," यजमानांनी सांगितले. "शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी त्यांना घरी पोहोचावेच लागते. त्यानंतर उद्या रात्रीपर्यंत व्यवहार नाही, दिवा लावणे नाही. कितीही मोठा सौदा असो."

"आणि गिऱ्हाईक रागावले तर?" मुलाने विचारले.

"गिऱ्हाइकाला ठाऊक असते. येथे लाखोंचा सौदा हस्तांदोलन करून 'मझल' या एका शब्दावर पक्का होतो. जो आपल्या नियमाचा पक्का, तो शब्दाचाही पक्का, असे बाजार धरून चालतो. आम्ही त्यांना शनिवारी विचारत नाही, ते आम्हाला रात्रीच्या जेवणास बोलावत नाहीत."

मुलाचा हात ताटावर थबकला. हॅम्बुर्गला ज्या गोष्टीची तो तीनदा क्षमा मागितल्यासारखी सफाई देत बसला होता, तीच गोष्ट येथे माणसाची पत म्हणून मोजली जात होती.

हिऱ्याचा रंग पारखायला उत्तरेचा शांत उजेड लागतो, म्हणून ती खिडकी तिकडे होती. तिच्यातून सूर्य दिसत नव्हता. केवळ समोरच्या भिंतीवरचा प्रकाश हळूहळू मंदावताना दिसत होता. सहा सत्तेचाळीसला अण्णांनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला आणि पेला उपडा ठेवला. आजींनीही आपला पेला उपडा केला. अण्णांना जेवू घालेपर्यंत त्याही थांबल्या होत्या, हे तेव्हा कळले.

खाली रस्त्यावर येईतो दिवे लागले होते. मुलाने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली. "सोमवारी बंदराजवळच्या आयातदाराने जेवायला बोलावले आहे," तो म्हणाला. "मी त्यांना कळवतो, दुपारचे ठेवा म्हणून. अण्णांचा नियम आहे, असेच सांगतो."

अण्णांनी खिशातली चिठ्ठी काढली, तिची घडी घातली आणि काही न बोलता मुलाच्या हातात दिली.