उसना डोंगर

विज्ञानपटाचा शेवट फसतो तेव्हा बहुतेक वेळा तो झाडाझुडपांत जाऊन फसतो. दोन तास धूर, पोलाद, गर्दी, पहारे. मग नायक-नायिका कसेबसे त्या नगरातून निसटतात, समोर डोंगर, ऊन, हिरवाई येते आणि पडद्यावर नावं सरकू लागतात. डोंगरात पोचलं की माणसाचे प्रश्न मिटले! मी मुरबाड तालुक्यातला, सिद्धगडाच्या पायथ्याकडचा. असा शेवट आला की माझं डोकं हटकून तडकतं.

यात माझ्या मानगुटीवर कायमचा बसलेला चित्रपट म्हणजे रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’. आला १९८२ साली. मूळ कादंबरी फिलिप के. डिकची, १९६८ची. गोष्ट घडते २०१९च्या नोव्हेंबरात, लॉस एंजेलिसमध्ये. पाऊस थांबत नाही, सूर्य दिसत नाही, इमारतीएवढ्या जाहिराती डोक्यावर लुकलुकतात. माणसासारखीच दिसणारी, कारखान्यात बनवलेली माणसं तिथे आहेत; त्यांतल्या पळून आलेल्यांना आयुष्य दिलंय चार वर्षांचं. त्यांना हुडकून मारणं हे हॅरिसन फोर्डचं काम. आणि तो जिच्या प्रेमात पडतो ती रेचलही बनवलेलीच.

पहिल्यांदा पाहिला तो कल्याणला शिकत असताना, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. खोलीवर वर्गणी काढायची, टीव्ही आणि व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने आणायचा, मिळतील तितक्या कॅसेटी फिरवायच्या आणि सकाळी सामान परत करायचं. अमिताभ, मिथुन आटोपले की पहाटेकडे ‘काहीतरी इंग्लिश’ लागायचं. त्या रात्री ते ‘काहीतरी’ हे निघालं. इंग्रजी निम्मंच कळत होतं. पण त्या पळून आलेल्यांतला रट्गर हाउअर गच्चीवर पावसात बसून मरतो, ज्याने त्याला मारायला यायचं त्यालाच आधी कड्यावरून वर ओढून घेतो आणि मग मरतो, तेव्हा पेंगणारी पोरंही उठून बसली. त्याच्या हातातलं पांढरं कबुतर वर उडतं. मग फोर्ड घरी जातो, रेचलला घेऊन निघतो. तिच्या पायाशी चांदीच्या कागदाचा घडी घातलेला एकशिंगी घोडा पडलेला. तो उचलतो, बघतो, मान हलवतो. म्हणजे कोणीतरी येऊन गेलंय. त्याला सगळं ठाऊक आहे. लिफ्टचं दार बंद.

इथे थांबायला हवं होतं. थांबत नाही. लगेच गाडी, मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल, वर निळं आकाश, आणि फोर्डचा आवाज सांगतो की या मुलीला मरणाची तारीखच दिलेली नव्हती, तेव्हा काळजी नसावी. खोलीतला एक जण ‘चला, वाचले!’ म्हणून चहा ठेवायला उठला. मी मात्र विचारात पडलो: हे दोघं उतरणार कुठल्या वाडीत? जातपात विचारल्याशिवाय यांना भांड्याने पाणी कोण देणार? आणि गार्डाने हटकलं तर?

गंमत नाही. रानात पळून जाण्याची गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडते, आणि तिचा शेवट आम्हाला माहीत असतो. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई कोतवाल, शिकलेले वकील. १९४२च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. तिकडचे गिरणी-कारखाने अडावेत म्हणून इकडच्या रानातल्या तारा तोडायच्या. पुढे दस्ता सिद्धगडाच्या जंगलात लपला. २ जानेवारी १९४३च्या पहाटे पोलिसांनी त्यांना तिथेच घेरलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांनी मारले गेले. आमच्या गोष्टीत रान हे सुटून जाण्याचं ठिकाण नाही. सरकार जिथे येऊन गाठतं ते ठिकाण आहे. पोलिसांना ती वाट सापडली. ‘ब्लेड रनर’मधल्या पोलिसांकडे तर उडणाऱ्या गाड्या आहेत.

तो शेवट आला कुठून, हे कळायला बरीच वर्षं गेली. १९८२च्या मार्चमध्ये डेन्व्हर आणि डॅलसला चित्रपट प्रेक्षकांना आधी दाखवून पाहिला. लोक गोंधळले, उदास झाले. पैसे लावणारे घाबरले. मग फोर्डच्या आवाजातलं निवेदन चढवलं गेलं आणि सुखाचा शेवट मागवला गेला. त्यासाठी लागणारे डोंगर आणायचे कुठून? स्टॅन्ली कुब्रिकने ‘द शायनिंग’च्या सुरुवातीसाठी हेलिकॉप्टरमधून डोंगर-रस्त्यांचं भरपूर चित्रण करून घेतलं होतं. त्यातलं न वापरलेलं स्कॉटने मागून घेतलं. झालं काम. ज्या डोंगररांगेवरून एका चित्रपटातली भीती सुरू होते, तिचीच उरलीसुरली रिळं दुसऱ्या चित्रपटात सुख म्हणून लागली. उसनं आणलेलं सुख असं शिळ्या भाकरीसारखं लगेच ओळखू येतं.

‘द शायनिंग’ची ती सुरुवात मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधली. तेही रान पहिल्यापासून रिकामं नव्हतं. पार्कचा पूर्वेकडचा भाग ब्लॅकफीट लोकांचा होता. १८९५च्या करारात तो अमेरिकन सरकारकडे गेला, १९१० साली पार्क झालं. कॅमेऱ्याला रिकामा दिसणारा डोंगर बहुतेकदा रिकामा केलेला असतो, हे मला हेलिकॉप्टरमधल्या त्या चित्रणाने शिकवलं. स्कॉटला ते शिकवायचं नव्हतं, हा भाग वेगळा.

आमचा सिद्धगडही १९८५ पासून भीमाशंकर अभयारण्यात आहे. पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांवर पसरलेलं हे अभयारण्य. शेकरू वाचला पाहिजे, यात वाद नाही. पण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी नारिवलीत गाड्या लावून वर जातात आणि माचीवर नारमातेच्या देवळापाशी बसून म्हणतात, ‘किती शांत! कोणीच नाही.’ खाली उतरताना वाटेत त्यांना सरपणाची मोळी घेतलेल्या बाया भेटलेल्या असतात. त्या मोजणीत येत नाहीत. डोंगराच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ला माळीणवर कडा कोसळला, दीडशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर अशा माच्यांवरची माणसं पावसाळ्यात रात्री कशी झोपत असतील, याचा विचार करा आणि मग ‘डोंगरात जाऊन सुखाने राहू’ हे वाक्य पुन्हा म्हणा.

शेजारच्या शहापूरचंही तेच. तानसा, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं त्या तालुक्यात, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. स्कॉटच्या शहरात पाऊस थांबत नाही. ते पाणी येतं कुठून असा प्रश्न त्याला पडत नसेल, आम्हाला पडतो.

दुसरी आवृत्ती, १९९२ची, मित्राच्या घरी सीडीवर पाहिली. निवेदन नाही, डोंगर नाही. लिफ्टचं दार बंद झालं आणि पडदा काळा. मी बसूनच राहिलो. तोच चित्रपट, पण रेचल किती जगेल हे आता कोणालाच माहीत नव्हतं. फोर्डलाही नाही. ज्याची आयुष्यमर्यादा ठरलेली आहे त्याला पळवून नेणाऱ्या माणसाला जे वाटेल ते त्या काळ्या पडद्यात होतं. २००७ची अखेरची आवृत्तीही तिथेच थांबते, आणि स्कॉटने मनासारखी केली ती ही.

तोवर टेरी गिलियमचा १९८५चा ‘ब्राझिल’ही पाहून झाला होता. त्यात तर गिलियमने ही चलाखी उघडीच पाडली आहे. नायक-नायिका हिरव्या दरीत पोचतात, आपण सुस्कारा सोडतो, आणि मग कळतं की तो अजून छळाच्या खुर्चीतच आहे, दरी फक्त त्याच्या डोक्यात. अमेरिकेत स्टुडिओला हाही शेवट नको होता. त्यांनी दरीवरच संपणारी छाटलेली आवृत्ती तयार करवली, ती पुढे टीव्हीवर दाखवलीही गेली. पैसेवाल्यांना डोंगर फार प्रिय!

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी एका बुद्धिमान यंत्रमानवाच्या कादंबरीचं नावच ठेवलं ‘वामन परत न आला’. शेवट मुखपृष्ठावर! तरी मी ती हातातून खाली ठेवली नव्हती. शेवट माहीत असण्याने काही बिघडत नाही. भाई कोतवालांवरचा चित्रपट २०२० साली आला, तेव्हा आमच्याकडच्या प्रत्येकाला शेवटचं दृश्य आधीच ठाऊक होतं. बिघडतं ते शेवट खोटा असला की.

२०१९चा नोव्हेंबर आला आणि गेला. हाउअर त्याच वर्षी जुलैमध्ये वारला. ज्या वर्षी त्याचं पात्र पावसात मरतं, तेच वर्ष. सिद्धगडावर उडत्या गाड्या आल्या नाहीत. मोबाइलची रेंज मात्र कुठे येते, कुठे जाते.

तेव्हा ‘ब्लेड रनर’ बघायचा तर २००७चाच बघा. चुकून जुनी आवृत्ती लागली, तर लिफ्टचं दार मिटताच बंद करा. आणि डोंगर बघायचाच असेल तर २ जानेवारीला पहाटे सिद्धगडाखाली या. हुतात्म्यांना मानवंदना द्यायला दरवर्षी माणसं जमतात, थंडी मरणाची असते. मुरबाडहून म्हसा, पुढे नारिवली, असा रस्ता आहे.