डिंक्या येतो पाण्याच्या वाटेने

ऑगस्ट लागला की मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांत, गच्चीवर बाग करणाऱ्या जाणत्या माणसाला हमखास विचारलं जातं : "काका, लिंबाची पानं पिवळी पडलीत, काय फवारू?"

काका पानांकडे फारसं बघत नाहीत. कुंडीशी उकिडवे बसून बुंध्याची माती बोटाने बाजूला सारतात आणि चाकूच्या टोकाने साल किंचित खरवडतात. आत हिरवट-पांढरं निघालं तर ठीक. तपकिरी, कुजकट निघालं तर डिंक्या. मग एक तंतुमूळ चिमटीत धरून ओढायचं. सडलेली साल मोज्यासारखी सुटून येते आणि हातात नुसता दोरा उरतो. खोडावर डिंक दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. हा डिंक पाण्यात विरघळतो, मुसळधार सरींत धुऊन जातो.

रोगाचं मूळ फायटोफ्थोरा. शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही. दुकानदार सवयीने हातात ठेवतो ते कार्बेन्डाझिम याच्यावर चालत नाही. मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिलच लागतं. फायटोफ्थोराचे बीजाणू दोन शेपट्यांच्या जोरावर पाण्यात चक्क पोहतात, मुळांपर्यंत जातात.

या रोगाशी खरी झुंज विदर्भाने घेतली आहे. वरूड, मोर्शी, काटोलकडे पाऊस कोकणाच्या निम्माही नसेल, पण काळ्या जमिनीत पाणी तुंबतं आणि संत्र्याची मुळं गुदमरतात. त्यात जंबेरीचा खुंट या रोगाला लवकर बळी पडतो. रंगपूर लाईमचा त्यामानाने तग धरतो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा यावर बराच अभ्यास आहे. तिकडचा अनुभवी बागायतदार कलमाचा डोळा मातीपासून 6 ते 9 इंच वर ठेवतो आणि खोडाला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करतो. भाईंदरला चार महिन्यांत 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. इथली काळी जमीन म्हणजे कुंडीखालची बशी. जूनच्या आधी ती काढून टाकावी, कुंडी दोन विटांवर चढवावी, बुंध्याशी रचलेली माती उतरवावी. एवढ्याने निम्मं काम होतं, आणि फुकटात.

उरलेलं काम बोर्डो मलमाचं. मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचे, चुना गार होऊ द्यायचा, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळायचं. लोखंडी पातं त्यात क्षणभर बुडवून पाहावं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. मलम त्याच दिवशी संपवावं. रोगट साल निरोगी भागापर्यंत खरवडून ब्रशने लावतात. मोठ्या झाडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत.

काळी पडलेली पानं घेऊन येणारेही असतात. ती कोळशी. काळी माशी किंवा पिठ्या ढेकूण गोड चिकटा टाकतात, त्यावर ही बुरशी वाढते. तिथे बुरशीनाशक म्हणजे पैसे पाण्यात. आधी कीड आवरायची. आणि कागदी लिंबावरचे खरबरीत ठिपके बुरशीचे नसतातच, तो खैऱ्या, जिवाणूंचा.

मलमाचा दुसरा हात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. तेव्हा मात्र "काय फवारू" विचारायला कुणी येत नाही.